‘तुमच्यासारखाच’ म्हणजे कुणासारखा?

पडदा उजळतो न उजळतो तोच सायमन नावाचा पोरगा सांगून टाकतो की मी अगदी तुमच्यासारखाच आहे, माझं जगणं चारचौघांसारखंच आहे. तो हे सांगतो तेव्हा पडद्यावर काय दिसतं? अमेरिकेतल्या अटलांटा शहराबाहेरचं झाडीतलं मोठं घर. वाढदिवसाला बापाने दारात उभी केलेली मोटार. हसरी आई, नवे नवे पदार्थ करून बघणारी बहीण, कुत्रा. सकाळी मित्रांना गाडीत गोळा करायचं, वाटेत थंड कॉफी घ्यायची आणि शाळेत जायचं.

तुमच्यासारखा म्हणजे कुणासारखा रे बाबा? माझ्यासारखा तर नाहीस. माझ्या वस्तीतल्या एकाही पोरासारखा नाहीस. तुझ्याच अटलांटातल्या काळ्या वस्तीतल्या पोरासारखाही नाहीस. मग हे ‘तुम्ही’ कोण? तिकीट काढून बसलेला गोरा, खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याला आधीच दिलासा दिलाय – घाबरू नका, हा परका नाही, हा आपल्यातलाच आहे, फक्त एवढी एक गोष्ट सोडली तर.

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

सिनेमाचं नाव ‘लव्ह, सायमन’. साल २०१८. दिग्दर्शक ग्रेग बर्लांटी, कंपनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. हॉलीवूडच्या बड्या स्टुडिओने समलिंगी पोराची प्रेमकथा मधोमध ठेवून काढलेला हा पहिला किशोरपट, असा त्याचा डंका वाजला. तो ज्या कादंबरीवरून काढला ती बेकी अल्बर्टाली या बाईंची, २०१५ ची. नाव ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’. तिकडचे चर्चवाले ओरडत असतात की या समलिंग्यांचा एक छुपा अजेंडा आहे. कादंबरीतली पोरं ते उलटवतात. म्हणतात, आम्हीच का सांगत फिरायचं आम्ही कोण ते? प्रत्येकाने सांगावं. बाईवर प्रेम करणाऱ्या पुरुषानेही आईबापासमोर मान खाली घालून सांगावं. हा आमचा अजेंडा, अख्ख्या मानवजातीसाठी. सिनेमाने हा विनोद एका गमतीदार प्रसंगापुरता ठेवला आणि नावातून मात्र ‘विरुद्ध’ हा शब्दच काढून टाकला. भांडण काढलं, प्रेम ठेवलं. प्रस्थापित असंच करतात. आपल्या कवितेतला ‘विरुद्ध’ काढून तिला ‘मानवतावादी’ म्हणणारे समीक्षक तुम्ही पाहिले आहेत.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांनी पुस्तक वाचलेलं नसणार. सायमन शाळकरी पोरगा. त्याला पोरं आवडतात. हे कुणाला माहीत नाही. त्याच शाळेतल्या दुसऱ्या एका पोराशी तो खोट्या नावाने ईमेलवर बोलतो. हा ‘जाक’, तो ‘ब्लू’. दोघांनाही समोरचा कोण ते ठाऊक नाही. एक दिवस सायमन शाळेच्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडा ठेवून जातो आणि मार्टिन नावाच्या पोराच्या हाती ती पत्रं लागतात. मार्टिन म्हणतो, अॅबीशी माझं जुळवून दे, नाहीतर फोडतो. पुढे तो फोडतोच. शेवटी ब्लू सापडतो. तो निघतो ब्रॅम – काळा, ज्यू, शांत, फुटबॉल खेळणारा पोरगा.

आता आपली पोरं विचारतील, आणि विचारलंही आहे, की हे आपल्या अंकात कशाला? जमिनीचा प्रश्न पडलाय, स्कॉलरशिपा अडकल्यात, गावोगाव आपल्या पोरांची मुंडकी फुटतायत आणि हा गोऱ्या पोरांची लफडी घेऊन बसलाय. हे उच्चवर्णीयांचे चोचले आहेत. ठीक आहे. या आक्षेपाकडे मी येणार आहे, पळणार नाही. आधी पुस्तक.

पुस्तकात एक जागा आहे, जेमतेम एखाद्या पानाची. ब्लू कोण असेल याचा विचार करताना सायमनच्या लक्षात येतं की आपण त्याला मनातल्या मनात गोरा धरूनच चाललो होतो. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. त्याने आपसूकच धरलं होतं. आणि त्याला स्वतःची चीड येते. त्याला उमगतं की माणूस म्हटला की तो बाईवर प्रेम करणाराच असणार हे जसं जग गृहीत धरतं, तसंच माणूस म्हटला की तो गोराच असणार हेही गृहीत धरतं. दोन्ही गृहीतं एकाच कारखान्यातली.

दोस्तांनो, ही ओळ आपली आहे. ही आपण शंभर वर्षं बोलतोय. मराठी कथेत ‘तो’ खिडकीपाशी बसतो, ‘तो’ सिगारेट पेटवतो, ‘त्याला’ आयुष्याचा कंटाळा येतो. या ‘तो’ला आडनाव नाही, पण जात आहे. ती सांगावी लागत नाही म्हणून ती त्याची जात. आमचा माणूस कथेत आला की मात्र पहिल्या परिच्छेदात त्याची वस्ती, त्याचं कुळ, त्याच्या बायकोचं फाटकं लुगडं सगळं यावं लागतं. आम्ही ‘दलित लेखक’. तो नुसता ‘लेखक’. जात आम्हाला असते, त्यांना ‘संस्कार’ असतात. कादंबरीतला गोरा पोरगा स्वतःच्या डोक्यातलं हे गृहीत पकडतो, हे मला मोलाचं वाटतं. सदाशिव पेठेतल्या किती नायकांनी पकडलंय?

आता सिनेमा बघा. सिनेमात सायमन ब्लूची पत्रं वाचतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर सगळ्यात आधी चेहरा येतो तो ब्रॅमचाच. म्हणजे काळा चेहरा पहिल्याच घासाला. वरवर बघितलं तर सिनेमा पुस्तकाच्या पुढे गेला! टाळ्या! पण झालं काय? सायमनला स्वतःची चीड येण्याचं कारणच उरलं नाही. त्याने काही गृहीत धरलंच नव्हतं, त्याचं मन पहिल्यापासून स्वच्छ. सिनेमाने काळा चेहरा दाखवला आणि काळ्या चेहऱ्याचा प्रश्न गिळून टाकला. पडद्यावर काळी माणसं मोजली तर भरपूर भरतील. नाटकाची मास्तरीण काळी, ती तर सगळ्यात दणकेबाज बोलते. ब्रॅम काळा, अॅबी काळी. पण गोऱ्या पोराच्या डोक्यात काय चाललंय याची झाडाझडती नाही. आपल्याकडे व्यासपीठावर एक खुर्ची आपल्याला देतात आणि कार्यक्रमपत्रिकेत विषय मात्र ‘समरसता’ असतो, त्यातलाच प्रकार.

पुस्तकालाही मी सोडत नाही. ती जागा आली आणि गेली. बाईंनी बोट ठेवलं, दाबलं नाही. ब्रॅमला दोन-दोन, तीन-तीन ओझी – काळा, ज्यू आणि वर हे. त्याच्या घरात काय झालं ते आपल्याला पत्रातल्या तुकड्यांतून कळतं, आणि ती पत्रंही सायमनच्या गोष्टीतली. बोलणारा मी सायमनच. ब्रॅमने स्वतः बोललेली गोष्ट कुठाय? एका गोऱ्या पोराचं प्रेम सफल व्हावं म्हणून शेवटी बक्षिसासारखा तो हजर होतो. तरीही खूण पुस्तकात आहे. सिनेमात ती पुसली.

सिनेमाने आणखी एक माणूस नव्याने घातलाय, त्याचं नाव ईथन. पुस्तकात तो नाही. काळा, नखरेल, बिनधास्त. त्याने केव्हाच सगळ्या शाळेला सांगून टाकलंय. वर्गातली टारगट पोरं रोज त्याला टोचतात आणि तो उलट टोला देऊन पुढे जातो. सायमन त्याच्याकडे बघतो आणि अंग चोरतो. कॉलेजात गेल्यावर मी उघडपणे जगेन असं स्वप्न सायमन बघतो, स्वप्नात रंगीत कपड्यातली गर्दी नाचते, आणि नाच संपता संपता तो स्वतःच म्हणतो की नको, एवढं नको. ‘एवढं’ म्हणजे कुणाएवढं? ईथनएवढं. पुढे एका प्रसंगात दोघं शाळेच्या ऑफिसबाहेर बसलेले असतात. ईथन सांगतो की माझी आई अजून माझ्या आजीआजोबांना सांगते, आमचा पोरगा मुलींबरोबर फिरतो. अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य हे. पण कॅमेऱ्याला घाई आहे. सायमनची गाडी बाहेर उभी आहे ना.

‘तुम्ही तसले वाटत नाही हो.’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा आपल्यात कोण आहे? बँकेत चिकटलेल्या, स्वच्छ कपड्यातल्या, शुद्ध बोलणाऱ्या आपल्या माणसाला ते कौतुक म्हणून ऐकवतात. मी अगदी तुमच्यासारखाच आहे, हे सायमनचं वाक्य म्हणजे त्या कौतुकाला आधीच दिलेली पावती. तुम्ही मला घ्या, कारण मी तुमच्यासारखा आहे. मग जो तुमच्यासारखा नाही त्याचं काय? त्याला गाडीत जागा नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ साली, ‘मूनलाइट’ आला होता. मायामीच्या गरीब काळ्या वस्तीतला पोरगा, आई नशेत बुडालेली, तोही असाच. त्यात कुणीही प्रेक्षकाला सांगत नाही की मी तुमच्यासारखा आहे. त्याला ऑस्कर मिळालं, पण तो बड्या स्टुडिओचा नव्हता. बड्या स्टुडिओने तिजोरी उघडली ती मोटारवाल्या पोरासाठी. पुढे याच सिनेमातून ‘लव्ह, व्हिक्टर’ नावाची मालिका निघाली, २०२० मध्ये. तिचा नायक लॅटिनो, घरात पैशाची ओढाताण, आईबाप देवभोळे. आणि तो सुरुवातीलाच सायमनला पत्रातून शिव्या घालतो की तुझं बरं, तुझे आईबाप एकदम चांगले, माझं तसं नाही. म्हणजे प्रेक्षकांतून जो सवाल उठला तो त्यांनाही ऐकू गेला होता. पण बघा, तोवर फॉक्स डिस्नेने गिळली होती, आणि डिस्नेने ही मालिका आपल्या कौटुंबिक वाहिनीवरून उचलून दुसऱ्या वाहिनीवर टाकली. कुटुंब म्हणजे कुणाचं कुटुंब, हेही तेच ठरवणार.

इंग्रजीत या सांगण्याला कपाटातून बाहेर येणं म्हणतात. कपाट! कपाटाला आधी भिंत लागते, भिंतीला खोली लागते, खोलीला दार लागतं, दाराला आतून कडी लागते. दहा बाय दहात सात माणसं झोपतात तिथं मोरीलाही धड पडदा नसतो. तिथला पोरगा कुठल्या कपाटात लपणार आणि कुठून बाहेर येणार? सायमनकडे ईमेल आहे, कॉम्प्युटर आहे, स्वतःची खोली आहे. त्याचं गुपित ठेवायला जागा आहे. आमच्याकडे गुपित अंगावर वागवावं लागतं.

पण कपाट आम्हाला अगदीच परकं नाही. आडनाव बदलून शहरात राहणारे, घरमालकिणीला गाव सांगताना जिल्हा सांगून तालुका गिळणारे, ऑफिसात बाबासाहेबांचा फोटो पाकिटात आतल्या कप्प्यात ठेवणारे – हे सगळे कपाटातच आहेत. यशिका दत्त यांनी रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये आपली लपवलेली जात जाहीर केली आणि २०१९ मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा नाव दिलं ‘कमिंग आउट अॅज दलित’. शब्द तिकडचा, जखम इकडची. मला पुण्यात खोली शोधताना एका घरमालकाने तीनदा विचारलं, पूर्ण नाव? नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, तो म्हणाला, पुढे? त्या ‘पुढे?’मध्ये काय असतं ते सायमनला सांगून कळणार नाही, पण ईथनला कदाचित कळेल.

आता मार्टिनकडे येतो. तोच माझ्या लेखी या गोष्टीचा कणा आहे.

मार्टिन राक्षस नाही. बोलका, थोडा लाचार, जोक मारणारा, कुणीतरी आपल्याला आवडून घ्यावं म्हणून धडपडणारा. अॅबी ही शाळेत नवीन आलेली काळी मुलगी. म्हणजे व्यवहार असा की दोन गोरी पोरं सौदा करतात आणि सौद्यातला माल काळी पोरगी. सायमन आपली अब्रू वाचवायला तिला पुढे करतो. पुस्तकात अॅबी त्याला हे तोंडावर सुनावते की माझ्याबद्दल ठरवणारा तू कोण? सिनेमात सगळेच मित्र एकदम रागावतात, सायमनने सगळ्यांनाच खेळवलेलं असतं, त्या गलक्यात अॅबीचा हक्काचा राग बुडतो. जो दबलेला आहे तो आपल्या खालचा कुणीतरी शोधून त्याला दाबतो. उतरंड कशी चालते ते बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलंय. वर आदर, खाली तिरस्कार. ती उतरंड इथं शाळेच्या मधल्या सुट्टीत दिसते.

आणि सिनेमाने मार्टिनचं काय केलं? शेवटी सायमन जत्रेतल्या आकाशपाळण्यात ब्लूची वाट बघत एकटा फिरतोय, तिकिटं संपतात, तेव्हा मार्टिनच खिशातून पैसे काढून एक फेरी वाढवून देतो. लोक हसतात, मार्टिन पावन होतो. तिकिटाच्या किमतीत माफी! पुस्तकात मार्टिन पश्चात्तापाचं पत्र लिहितो, पण त्या पत्राने काही फिटत नाही. फिटूच नये. एखाद्याचं गुपित चव्हाट्यावर टाकलं की ते परत घरात नेता येत नाही.

हे मी तावातावाने का लिहितोय? कारण मार्टिन आपल्यातही आहे. सिनेमातल्यापेक्षा जास्त भयंकर आहे, कारण त्याच्या हातात निळा झेंडा आहे. एका वसतिगृहात – गाव सांगत नाही – आपल्याच एका कार्यकर्त्याने दुसऱ्या पोराचा मोबाइल उघडून बघितला. आत काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. मग त्याने अट घातली, जयंतीच्या कमिटीतून तुझं नाव मागे घे, नाहीतर गावाकडे तुझ्या चुलत्याला फोन करतो. पोराने नाव मागे घेतलं. चांगलं बोलायचा तो, पोवाडा रचायचा. पुढच्या सत्रात वसतिगृह सोडून गेला. कमिटीत कुणी विचारलं नाही की तो का गेला. बहुतेकांना माहीत होतं.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. बेयर्ड रस्टिन हे नाव पाठ करा. मार्टिन ल्यूथर किंगला अहिंसक लढ्याचं तंत्र शिकवणाऱ्यांतला हा माणूस, काळा, आणि समलिंगी. १९६० साली अॅडम क्लेटन पॉवेल या काळ्याच पुढाऱ्याने किंगला धमकी दिली की अमुक मोर्चा मागे घ्या, नाहीतर तुमचे आणि रस्टिनचे संबंध आहेत अशी आवई उठवतो. संबंध नव्हतेच. पण किंगही डगमगले. रस्टिन बाजूला झाले. ही अटलांटाच्या सुपुत्राची गोष्ट आहे, सायमनच्या शहराची. पुढे १९६३ मध्ये वॉशिंग्टनचा तो ऐतिहासिक मोर्चा उभा करायला रस्टिनच लागले. मोर्च्याच्या तोंडावर स्ट्रॉम थर्मंड या वर्णद्वेष्ट्या सिनेटरने भर सिनेटमध्ये रस्टिनच्या १९५३ च्या अटकेचं प्रकरण काढलं. या खेपेला ए. फिलिप रँडॉल्फ पाठीशी उभे राहिले, हलले नाहीत. अडीच लाखांचा मोर्चा झाला. चळवळ एकाच माणसाशी दोन वेळा दोन प्रकारे वागली. कुठल्या वेळचं वागणं आपण उचलायचं?

आता त्या आक्षेपाकडे. चोचले उच्चवर्णीयांचे.

अर्धं खरं आहे. आपल्याकडचे झेंडे मिरवणारे बरेच जण सवर्ण आहेत आणि त्यांची जात झेंड्याच्या रंगाखाली झाकली जात नाही. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात आईने आपल्या मुलासाठी नवरा हवा अशी जाहिरात दिली. मोठा गाजावाजा झाला, क्रांती झाली म्हणाले. जाहिरातीत काय होतं? जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य. वा रे क्रांती! पुरुषाला पुरुष चालेल, पण पोटजात बघून. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो अशाच एका मंडळीच्या फ्लॅटवर, पुण्यात. संपल्यावर एकजण डोळे पुसत म्हणाला, किती युनिव्हर्सल आहे ना. मी म्हणालो, गाडी कुणाकुणाकडे आहे इथं? हसले. मग चहा करणाऱ्या बाईला हाक मारली, एकेरीत. ती आईच्या वयाची होती.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाचे दात पाडले ते चांगलंच झालं. पण पोलीस रात्री स्टेशनबाहेर कुणाला हटकतो, कुणाकडून पैसे उकळतो, ते कलम वाचून ठरवत नाही. कपडे आणि आडनाव वाचून ठरवतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यावर अग्रलेख आले. आपल्या पोरापोरींना जातीबाहेर लग्न केलं म्हणून कापतात, तोही लग्नाच्या हक्काचाच प्रश्न आहे, हे त्यांतल्या किती अग्रलेखांना सुचलं? दोन प्रश्नांची मुळं एकच आहेत. जात टिकते कुणी कुणाशी झोपायचं यावर पहारा बसवून. बाबासाहेबांनी कोलंबियात १९१६ मध्येच सांगितलं की जातीचं मर्म स्वजातीतल्या लग्नात आहे. मग त्या पहाऱ्याला जो जो चुकवतो तो तो आपला माणूस की शत्रू, एवढं तरी तपासा.

आणि आक्षेपाचं उरलेलं अर्धं साफ खोटं आहे. हे प्रेम सवर्णांनी शोधून काढलेलं नाही. आपल्या वस्तीत, आपल्या वसतिगृहात, आपल्या शाखेत अशी पोरं आहेत, पोरी आहेत. ‘गोलपिठा’ची वस्ती आपल्याला कवितेत चालते, १९७२ पासून आपण तिच्यावर छाती फुगवतो. ती माणसं मोर्च्यात शेजारी उभी राहिली की मात्र आपण दोन पावलं सरकतो.

पँथर हे नाव आपण कुठून घेतलं? काळ्यांच्या ब्लॅक पँथरकडून. त्या ब्लॅक पँथरचा म्होरक्या ह्यूए न्यूटन १५ ऑगस्ट १९७० ला काय म्हणाला होता ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? त्याने आपल्याच कार्यकर्त्यांना सांगितलं की स्त्रियांच्या आणि समलिंगी लोकांच्या मुक्तीच्या चळवळींशी आपण हात मिळवला पाहिजे. आपल्या मनात त्यांच्याबद्दल भीती असेल, असुरक्षितता असेल, ती कबूल करा, पण त्यांना चिरडू नका. आणि आणखी एक सांगितलं की आपल्या शत्रूंना, निक्सनसारख्यांना, समलिंगी माणसांवरून आलेल्या शिव्या देणं बंद करा. १९७० साली! म्हणजे आपली पँथर जन्माला यायच्या दोन वर्षं आधी. नाव घेतलं, गर्जना घेतली, हा कागद मात्र बोटीवरच राहिला. आजही आपल्या सभेत वक्ता तापला की समोरच्या पुढाऱ्याला काय म्हणतो? छक्का म्हणतो. हिजडा म्हणतो. बांगड्या पाठवतो. टाळ्या पडतात. आणि त्या गर्दीत तिसऱ्या रांगेत बसलेला एखादा पोरगा टाळ्या वाजवतो, कारण नाही वाजवल्या तर शेजारी बघतील. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण याचं उत्तर देताना पँथरने स्त्रिया घेतल्या, कामगार घेतले, भूमिहीन घेतले, धर्माच्या नावाखाली पिळला जाणारा प्रत्येकजण घेतला. त्या ‘प्रत्येकजण’मधून आज कुणाला वगळायचं हे कुठल्या बैठकीत ठरलं? ठराव दाखवा.

ज्यांना पँथर पुरत नाही त्यांच्यासाठी बाबासाहेब. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी पत्रातून विचारलेले लैंगिक प्रश्न आणि त्यांना कर्व्यांनी दिलेली उत्तरं, यावर आक्षेप. त्यात हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंध होते. पुण्यामुंबईच्या सनातन्यांनी कर्व्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने वकील म्हणून कोण उभं राहिलं? बाबासाहेब. पुणे कराराला दोन वर्षं झाली होती, येवल्याची घोषणा पुढच्या वर्षी व्हायची होती, डोक्यावर हजार कामं. जमिनीचा प्रश्न तेव्हाही पडलेला होता. तरी ते हे चोचले आहेत म्हणाले नाहीत. खटला हरले. पण उभे राहिले.

शेवटचा मुद्दा, आणि सिनेमाशी माझं सगळ्यात मोठं भांडण. पुस्तकात सायमन आणि ब्रॅम भेटतात ते जत्रेतल्या एका गरगर फिरणाऱ्या पाळण्यात. सायमन बसून राहतो, ब्रॅम येऊन शेजारी बसतो, पाळणा फिरतो, सायमनला मळमळतं. कुणाचं लक्ष नाही. सिनेमात काय? सायमन आपलं सगळं शाळेच्या त्या चव्हाट्यावर जाहीर लिहितो आणि ब्लूला आकाशपाळण्यापाशी बोलावतो. अख्खी शाळा जमते. ब्रॅम येतो, खाली टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. मघाशी मार्टिनने त्याची पत्रं याच लोकांसमोर फोडली होती. आता तोच चव्हाटा, तेच लोक, आणि आपण रडायचं आनंदाने. म्हणजे गर्दीचा हक्क शाबूत! फक्त हसायच्या जागी टाळ्या. ब्रॅमला कुणी विचारलं का, बाबा तुला एवढ्या लोकांदेखत यायचंय का? तो तर सगळ्यात सावध पोरगा होता. एका काळ्या पोराला गोऱ्या शाळेच्या गर्दीत उंचावर बसवून दाखवणं याची भीती सिनेमावाल्यांना वाटत नाही. त्यांच्या ‘तुमच्यासारखा’ माणसाला गर्दी कधी धावून आलेलीच नाही.

हा गर्दीचा हक्क किती लांब पोचतो बघा. कादंबरीच्या लेखिकेवर, अल्बर्टालीबाईंवर, लोक वर्षानुवर्षं तुटून पडले की तू विवाहित बाई, तुला या विषयावर लिहायचा काय अधिकार? अखेर ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना जाहीर लिहावं लागलं की मीही त्यातलीच आहे, आणि हे मला अशा रीतीने सांगायचं नव्हतं. सायमनला मार्टिनने जे केलं तेच वाचकांनी सायमनच्या लेखिकेला केलं. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या वाचकांनी.

दलित माणसाने दलितांबद्दल लिहावं हा आपला आग्रह योग्य आहे, मी तो सोडत नाही. आमच्या तोंडून आमचं जगणं शंभर वर्षं दुसऱ्यांनी हिसकावलंय. पण आग्रह वेगळा आणि झडती वेगळी. घरमालकाचा ‘पुढे?’ आणि आपला ‘तू स्वतः तसा आहेस का?’ यांचा आवाज मला सारखाच ऐकू येतो.

म्हणून हा लेख वाचून जे पहिला प्रश्न विचारतील – संपादकांपैकी एकाने आधीच विचारलाय, चहा पिता पिता, डोळा मारत – की तुला काय एवढं पडलंय याचं, तू कोण? त्यांना उत्तर मिळणार नाही. मी बौद्ध आहे हे मी दारावर लिहिलंय. त्यापलीकडचं काय, कधी, कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. सांगायचं की नाही हेही मीच ठरवीन. माझ्या मित्राचं असेल तर तो ठरवील. कमिटी ठरवणार नाही.

येत्या १४ एप्रिलच्या सभेआधी मला दोन गोष्टी लेखी हव्या आहेत. एक, वक्त्यांना जी सूचनांची यादी देतो तिच्यात वर लिहिलेल्या तीन शिव्या व्यासपीठावरून दिल्या जाणार नाहीत ही ओळ घालायची. दोन, वसतिगृहात कुणी कुणाचा मोबाइल, वही, पत्र उघडून धमकावलं तर धमकावणारा कमिटीतून जाईल, ज्याचं उघडलं तो नाही. हा ठराव मी मांडतोय, अनुमोदक पाहिजे.

पुस्तक माझ्याकडे आहे. इंग्रजी सोपं आहे, बरंचसं पत्रांचंच आहे, डिक्शनरी घेऊन बसलं तर बारावीच्या पोरालाही जमेल. सिनेमा नंतर बघा, आणि बघताना ईथन किती मिनिटं दिसतो ते मोजा. ज्याला पुस्तक पाहिजे त्याने घेऊन जावं. कशासाठी पाहिजे ते मी विचारणार नाही.